संग्रहालयात वर्ग न्यायचा असेल तर: सहावी ते आठवीसाठी टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बऱ्याच शाळांचा संग्रहालयाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे बस निघते. किल्ला, देऊळ, धरण आणि संग्रहालय एका दिवसात उरकायचं असतं. आत गेल्यावर रांग, "हात लावू नका, बोलू नका, पुढे चला", आणि वर्गातली हुशार मुलं फलकावरचा मजकूर वहीत उतरवून घेतात. सोमवारी ‘आमची सहल’ हा निबंध. त्यात डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि बसमधल्या भेंड्या सविस्तर येतात, वस्तू मात्र एकही येत नाही.

यात चुकतो तो क्रम. संग्रहालयाची भेट हे मधलं काम आहे. त्याच्या आधी शाळेत दोन-तीन तासिका लागतात आणि नंतर त्याहून जास्त. आपण मधलं तेवढं करतो आणि मुलांना काही कळलं नाही म्हणतो. खाली दिलेला क्रम सहावी ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी आहे. सगळं मिळून चार-पाच आठवडे धरा. मुख्याध्यापकांनी "एवढा वेळ कुठून आणायचा?" असं विचारलं, तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे, ती दाखवा.

## १. आधी प्रश्न, मग ठिकाण

"कित्तूरला नेऊ या" इथून सुरुवात केली की पुढचं सगळं बिघडतं. आधी एक प्रश्न ठरवा, आणि तो वस्तू बघून सोडवता येईल असा असू द्या. ‘कित्तूरचा इतिहास समजून घेणे’ हा प्रश्नच नव्हे. हे चालतील:

- अक्षर न वाचता दगडावरची गोष्ट कशी कळते?
- किलो-लिटर नव्हते तेव्हा धान्य कसं मोजत?
- पडक्या जोत्यावरून वाडा केवढा होता हे सांगता येईल का?
- चपलेचा तळ बघून ती कुणी, कशासाठी केली हे ओळखता येईल का?

प्रश्नाप्रमाणे ठिकाण निवडा. दगड आणि जोती हवी असतील तर कित्तूर: किल्ल्याच्या आवारातच संग्रहालय आणि वाड्याचे अवशेष आहेत, आणि बेळगावहून धारवाडच्या रस्त्याने सकाळी निघून दुपारी परतता येतं. मातीची भांडी, नाणी, उत्खनन असा विषय असेल तर कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू तिथे आहेत. गावगाड्यातली कामं बघायची असतील तर कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय. ते फार मोठं आहे, म्हणून त्यातले चार देखावेच निवडा, नाहीतर मुलं नुसती पळत सुटतात. विज्ञानाचा प्रश्न असेल तर धारवाडचं प्रादेशिक विज्ञान केंद्र.

बसचे पैसे जमत नसतील तर थांबू नका. आपल्या भागात कित्येक गावांत मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळाच्या अंगणात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, उभा असतो, त्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. चपलेच्या प्रश्नाला तर बस लागतच नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडच्या शाळेला कारागिराचं घर हेच संग्रहालय.

सावध: एका दिवसात एकच ठिकाण. "एवढं लांब आलोच आहोत तर" हे वाक्य बसमध्ये कुणी काढलं तर तिथेच थांबवा.

## २. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन यायचं

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. फोटो बघून नियोजन होत नाही. संग्रहालयात गेल्यावर एवढं करा:

1. सगळं दालन एकदा सरळ चाला.
2. प्रश्नाला उपयोगी पडतील अशा पाच वस्तू निवडा. सहावी घेऊ नका.
3. प्रत्येक वस्तूपुढे जमिनीवर बसून बघा. तिथून काय दिसतं? काचेवर उजेड पडून वस्तूच दिसत नाही, असं बऱ्याचदा होतं.
4. प्रत्येक वस्तूपुढे पाच मुलं बसली तर वाट अडते का, ते बघा.
5. पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि जेवायला बसायची जागा पक्की करा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हेही.
6. सुट्टीचा वार, वेळ, प्रवेश शुल्क आणि फोटोचे नियम तिथल्याच माणसाला विचारून लिहून घ्या.

फलक कुठल्या भाषेत आहेत तेही टिपा. कर्नाटकातल्या संग्रहालयांत ते बहुतेक कन्नड आणि इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना शाळेत कन्नड असतं, पण फलकावरचं कन्नड पुस्तकी असतं. निवडलेल्या पाच फलकांचा मजकूर उतरवून आणा आणि शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडून आधीच समजून घ्या. तो मुलांना लगेच सांगू नका. का, ते पुढे येईल.

## ३. तारीख, पत्र, परवानग्या

खानापूरकडचा पाऊस धरला तर जून ते सप्टेंबर सोडूनच द्या. नोव्हेंबर ते जानेवारी हा सोयीचा काळ, पण काही दिवस टाळायचे. ऑक्टोबरमध्ये जायचं ठरलं तर २३ ते २५ च्या सुमारास कित्तूर उत्सव असतो, तेव्हा किल्ल्यात वस्तू बघायला पाय ठेवायला जागा नसते. १ नोव्हेंबरला, राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी असल्यामुळे, बेळगावात काय वातावरण असतं ते आपल्याला सांगायला नको. आणि सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन चालू असलं की मोर्चे आणि बंदोबस्तामुळे नेमका धारवाडकडचा हमरस्ता तुंबतो.

संग्रहालयाला पत्र कन्नडमध्ये द्या. यात वादाचं काही नाही. टेबलावरच्या माणसाला ते लगेच वाचता आलं की काम लगेच होतं. पत्रात मुलांची संख्या, वेळ आणि तीन विनंत्या स्पष्ट लिहा: मुलं जमिनीवर बसून चित्र काढतील, पेन्सिलच वापरतील, वस्तूला हात न लावता मोजमाप करतील. एवढं वाचलं की पहारेकरीसुद्धा निवांत होतो.

शाळेकडून एसडीएमसीचा (शाळा सुधारणा व देखरेख समितीचा) ठराव, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची परवानगी आणि प्रत्येक पालकाची लेखी संमती लागेल. खासगी गाडी असेल तर परवाना, विमा, फिटनेस यांच्या प्रती आधी मागा. कोल्हापूरला जायचं तर गाडीला महाराष्ट्रात शिरायचा परवाना आहे का, हे ठरवतानाच विचारा. कोगनोळी नाक्यावर पोचल्यावर ही चौकशी करून उपयोग नाही.

तपासा: दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्यात बायका पुरेशा. माता-पालकांना नुसतं सोबत म्हणून नेऊ नका. त्यांना गट वाटून द्या आणि कामाचा कागद आधी दाखवा.

## ४. शाळेत सराव: मापटं आणि चिपटं

वस्तू कशी बघायची हे संग्रहालयात शिकवता येत नाही. तिथे मुलं बावरलेली असतात, वेळही कमी असतो. सराव वर्गातच करायचा, आणि अशा वस्तूवर की जिला मनसोक्त हात लावता येईल. मला यासाठी धान्याच्या मापांसारखं दुसरं काही सापडलेलं नाही. माळ्यावरून एखादं मापटं, चिपटं, शेर बहुतेक गावात अजून निघतं.

पहिली तासिका, न बोलता. पाच मुलांत एक माप. दहा मिनिटं फक्त बघायचं, उचलायचं, वास घ्यायचा, वाजवून बघायचं. नाव सांगायचं नाही. नंतर तीन रकाने: *काय दिसलं*, *त्यावरून काय वाटलं*, *काय विचारायचं आहे*. मुलं पहिल्या रकान्यात "जुनं आहे" असं लिहितील. ते दिसत नाही, वाटतं. मग त्यांना विचारा, कशावरून? "काठ एका बाजूला झिजलाय" हे दिसलेलं. हा फरक पक्का झाला की अर्धं काम झालं.

दुसरी तासिका, मोजून. ज्वारी घ्या. विज्ञानाच्या कपाटातलं मोजपात्र घ्या. चिपट्यात किती मिलिलिटर मावतं? मापट्यात? जुन्या कोष्टकात दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. मुलांना कोष्टक आधी न देता मोजायला लावा. इथे गंमत होते: दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत. एका गटाने माप सपाट भरलेलं असतं, दुसऱ्याने शीग लावून. भांडण होऊ द्या. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, की मग दुकानदार कसं भरायचा आणि शेतकरी कसं? हा त्या तासिकेतला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो शिक्षकाने विचारला तर वाया जातो.

दोन घरांतली मापं एकमेकांशी जुळली नाहीत तर चूक समजून खोडू नका. मापं गावोगाव बदलत. देशभर मेट्रिक मापं का आणावी लागली, हे तिथूनच समजतं. घरातल्या आजीला विचारून यायला सांगा: शीग कधी लावायची, कधी नाही.

नेहमीची चूक: सरावाला नाणी घेणे. मुलं त्यावरचं साल वाचतात, नाव वाचतात आणि बघणं तिथेच संपतं. अक्षर नसलेली वस्तू घ्या.

## ५. गट, साहित्य, कामाचा कागद

पाच मुलांचा गट. एक मोजणारा, एक चित्र काढणारी, एक नोंद करणारी, एक प्रश्न विचारणारा, आणि एक वेळेवर लक्ष ठेवणारी. प्रत्येक वस्तूपुढे कामं बदलायची. प्रत्येक गटात घरी कन्नड बोलणारं किमान एक मूल असेल असं बघा. आपल्या वर्गांत अशी मुलं असतातच, आणि त्या दिवशी गटाला त्यांची खरी गरज लागते.

प्रत्येक गटाच्या पिशवीत: परीक्षेचं पॅड, पेन्सिली, आलेख कागद, भिंग, शिंप्याकडची कापडी टेप, सुतळी, कोनमापक. पोलादी टेप नको, तिने ओरखडे उठतात. पेन नको. फ्लॅश बंद. मुलांकडे मोबाइल नको. गटाच्या मोठ्या माणसाकडे एक पुरे.

कामाचा कागद एका पानाचा. त्यावर पाच वस्तू, आणि प्रत्येक वस्तूसाठी वरचेच तीन रकाने. ‘गाळलेल्या जागा भरा’ ठेवलं तर मुलं वस्तूकडे पाठ करून फलकात उत्तर शोधतात.

तपासा: आदल्या दिवशी एका गटाकडून कागद वाचून घ्या. एखाद्या सूचनेवर "म्हणजे काय सर?" असं आलं तर ती बदला.

## ६. प्रत्यक्ष दिवस

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं मोकळी. पाणी, स्वच्छतागृह, आणि दालनातून एक हुंदडती चक्कर. ही चक्कर टाळली तर मुलांचं लक्ष पुढचा तासभर कोपऱ्यातल्या तलवारीकडेच असतं.

मग गट एकेका वस्तूपुढे, बारा ते पंधरा मिनिटं. सगळे गट एकाच वस्तूपुढे नकोत. पहिल्या गटाला पहिली वस्तू, दुसऱ्याला दुसरी, आणि घंटी वाजली की पुढे.

वस्तू आधी, फलक नंतर. पहिली दहा मिनिटं फलक वाचायचा नाही. परवानगी असेल तर त्यापुढे एक कोरा कागद धरून बसा. फलकाचा मजकूर तेव्हा मुलांना का सांगायचा नाही, हे वीरगळापुढे लगेच कळतं. मुलं दगड वरून खाली वाचायला लागतात, कॉमिक्ससारखा. वर पिंडीपुढे बसलेला माणूस, मध्ये दोन बायका कुणाला तरी नेताहेत, खाली मारामारी. "तो आधी पूजा करत होता, मग लढाईत गेला," अशी गोष्ट तयार होते. ती मोडू नका. फक्त विचारा: तिन्ही चौकटींत तोच माणूस आहे का? कशावरून? मधल्या चौकटीतल्या बायकांचे पाय जमिनीवर टेकलेत का? एखादी मुलगी भिंग घेऊन वाकते आणि म्हणते, "टेकलेले नाहीत, त्या उडताहेत." तिथून गोष्ट उलटी होते: खाली लढाईत पडला, मध्ये अप्सरा त्याला नेताहेत, वर तो शिवाजवळ पोचला. दगड खालून वर वाचायचा होता. मग विचारा, खाली गायी कोरलेल्या आहेत का? असतील तर लढाई कशावरून झाली असेल? आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य कशासाठी?

आता फलक वाचा. कन्नड येणारं मूल मोठ्याने वाचेल, बाकीचे आपल्या रकान्यांशी ताडून बघतील. फलकात नसलेलं आपल्याला काय दिसलं, ते अधोरेखित करायचं.

उघड्यावरचं काम वेगळं. कित्तूरला वाड्याची जोती उघडी आहेत, तिथे मोजमाप करा. प्रत्येक मुलाने आपल्या दहा पावलांची लांबी शाळेतच मोजून आणलेली असावी. मग एक खोली पावलांनी मोजायची, मीटर काढायचे आणि आलेख कागदावर मांडायची. भिंतीवर चढायचं नाही. ध्रुवतारा बघण्यासाठी ठेवलेली गोल पोकळी तिथे आहे. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून, भिंतीला न टेकता, तिचा कल अंदाजे मोजता येतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते, म्हणजे कित्तूरला साडेपंधरा अंशांच्या आसपास. भूगोलाचे शिक्षक सोबत असतील तर हा भाग त्यांच्यावर सोपवा. पाच-सहा अंशांचा फरक आला तरी बिघडत नाही, तो का आला यावर बोला.

सावध: शिलालेखावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेणे, अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू भरणे, पाणी ओतणे, हे कुठेही करू द्यायचं नाही. संग्रहालयात नाही आणि गावातल्या वीरगळावरही नाही. अक्षर वाचायला बाजूने तिरका उजेड पुरतो. उन्हात असेल तर आरशाचा कवडसा टाका.

पाच वस्तूंचं सगळं काम दीड तासाच्या आत संपवा. त्यापुढे मुलं फक्त थकतात. जेवण बाहेर, सावलीत. जेवल्यावर पुन्हा आत न्यायचं नाही, फक्त एखाद्या गटाला राहिलेलं मोजमाप करायचं असेल तर तेवढ्यालाच.

## ७. दुसऱ्याच दिवशी

निबंध नको. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासिकेला प्रत्येक गटाने एकाच वस्तूबद्दल उभं राहून सांगायचं: आधी काय वाटलं, नंतर कशामुळे बदललं. ‘काय विचारायचं आहे’ या रकान्यातले प्रश्न फळ्यावर लिहा. त्यातले दोन-तीन पत्राने संग्रहालयाला पाठवा. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी पत्रलेखन तर झालंच.

मध्ये आठवडा गेला तर मुलांच्या डोक्यात फक्त बस उरते. तारीख ठरवतानाच दुसरा दिवस शाळेचा असेल असं बघा. शनिवारी जाऊ नका.

## ८. वर्गाचं स्वतःचं संग्रहालय

हाताचं खरं काम इथे आहे. संग्रहालयात जे करू दिलं नाही ते सगळं इथे करायचं: उचलणं, पुसणं, मांडणं, फलक लिहिणं.

1. वस्तू मागवा. अडकित्ता, कंदील, पानाचा डबा, चरवी, तागडी, जुना रेडिओ, विळा. दागिने, चांदी, हत्यारं नकोत. शेतात सापडलेली मूर्ती किंवा कोरीव दगड तर मुळीच नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. ती जागेवरच ठेवून तहसीलदार कार्यालयाला कळवायचं.

2. नोंदवही. क्रमांक, वस्तूचं नाव, कुणाच्या घरची, कशाची बनवलेली, मापं, उपयोग, आलेली तारीख, परत करायची तारीख, घरच्यांची सही. क्रमांक वस्तूवर मार्करने लिहू नका. चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधा. वस्तू आल्या-आल्या नोंद करा. "सगळ्या आल्यावर एकदम करू" म्हटलं की तीन अडकित्ते होतात आणि कुणाचा कुठला ते कळत नाही.

3. साफसफाई. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसायची, एवढंच. पितांबरी, चिंच, पॉलिश पेपर काही नको. तांब्या लखलखीत करून आणला की त्यावरच्या वापराच्या खुणाही जातात, आणि बघायचं तर तेच होतं.

4. फलक. चाळीस शब्दांत, मराठी आणि कन्नड दोन्हीत. इंग्रजी जमलं तर. पहिल्या वाक्यात बघायला लावणारं काहीतरी असू द्या. ‘हे मापटं आहे. हे धान्य मोजण्यासाठी वापरत’ हा फलक झाला, पण तो वाचून कुणी वस्तूकडे बघत नाही. ‘याच्या काठाची एक बाजू जास्त झिजली आहे. सपाट करताना पट्टी तिकडेच ओढत’ हा वाचला की डोळे काठावर जातात. मात्र दुसरं वाक्य आजीला विचारून खात्री झाल्यावरच लिहायचं, मनाने नाही.

5. मांडणी. बाकं भिंतीला लावा, वर साधी चादर. एका बाकावर तीनपेक्षा जास्त वस्तू नकोत. एक बाक ‘हात लावून बघा’ म्हणून वेगळा ठेवा, त्यावर खलबत्ता, तागडी अशा न मोडणाऱ्या वस्तू.

6. उघडायचा दिवस. पालक, आणि जवळच्या कन्नड शाळेचा एखादा वर्ग. मुलांनी पाठ केलेलं भाषण करू नये. पाहुण्यांना आधी वस्तू दाखवायची, "काय दिसतंय?" विचारायचं, आणि फलक नंतर वाचायला द्यायचा. कन्नड शाळेतल्या मुलांना माहिती सांगायला कोण उभं राहील, हे आधी ठरवा, नाहीतर ऐनवेळी सगळे एकमेकांना पुढे ढकलतात.

तपासा: प्रदर्शन संपल्यावर वस्तू आठ दिवसांच्या आत घरी पोचल्या पाहिजेत. मुलाच्या हाती पाठवू नका, घरच्या मोठ्या माणसाला बोलावून नोंदवहीत परतीची सही घ्या. काही राहिलं तर ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवून, नोंदवहीत तसं लिहून, त्यावर दोघांच्या सह्या घ्या.